पाव्हण्याचं तिकीट

एसटीतून रिटायर झालो आणि दुसऱ्याच दिवसापासून गावातला जो तो मला पैसे कमवायच्या वाटा दाखवायला लागला. ज्यांचा चहा आयुष्यभर दुसऱ्याच्या खात्यावर गेला, तेसुद्धा. पारावर जरा टेकलो की कुणी म्हणे शेळ्या पाळा, कुणी म्हणे विम्याची एजन्सी घ्या, कुणी म्हणे जमिनीची दलाली करा, पुण्याची माणसं गाड्या घेऊन हिंडतात, नुसती गाठ घालून दिली तरी वर्षाची बेगमी होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी एकाला विचारलं, मग तू का नाही करत? तर म्हणे, मला कुठं वेळ आहे. दुपारचे बारा वाजले होते आणि तो सकाळपासून पारावर बसला होता.

भोर डेपोला मी कंडक्टर होतो. सगळी हयात भोर, नसरापूर फाटा, वेल्हे आणि स्वारगेट यांच्यामध्ये उभ्यानं गेली. माझ्या गाडीत फुकट कुणी बसलं नाही. सरपंच असो, भाऊबंद असो, "आपलाच माणूस हाय" म्हणणारा कुणीही असो, आधी पैसे आणि मग बूड. त्यामुळं लोक मला फारसं चांगलं म्हणायचे नाहीत, पण माझा हिशेब कधी चुकला नाही. आता आमच्यासारख्यांची पेन्शन म्हणजे काय असते, ते ज्याला मिळते त्यालाच ठाऊक. त्यात गॅस, वीजबिल आणि बायकोच्या गुडघ्याची औषधं यांतलं कुठलंही एक भागतं. कुठलं ते आपण निवडायचं. फंडाचे जे काही आले ते पोराच्या फ्लॅटला लावले. त्याचं मला दुःख नाही, पोराला नाही द्यायचे तर कुणाला द्यायचे. पण दिल्यावर खिसा रिकामा राहतो, ही गोष्ट तर खरी आहे ना.

म्हणून आधी नोकरी बघितली. किकवीच्या पुढं हायवेला एक गोदाम आहे, तिथं दिवसपाळीचा वॉचमन. काम काय, तर उभं राहायचं. मी जन्मभर उभाच राहिलोय, पण माझी गाडी पुढं तरी जायची. गोदाम कुठं जातंय, ते जागच्या जागी. तरीही केलं. मग एक दिवस मालकाचा मेव्हणा पासाशिवाय आत निघाला. मी गाडी अडवली. तो म्हणाला, मला ओळखत नाहीस का? मी म्हटलं, ओळखतो, पास दाखवा. संध्याकाळी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. विम्याचंही करून बघितलं. विमा आधी नात्यात विकायचा असतो म्हणे. महिन्याभरात भाऊबंद मला लांबून येताना बघून गोठ्यात शिरायला लागले. एक चुलतभाऊ तर म्हशीच्या आडून म्हणाला, "म्या घरात न्हाई." मी परत फिरलो आणि तो कागदांचा गठ्ठा माळ्यावर टाकून दिला.

शेवटी पोरगं म्हणालं, इकडं या. गेलो धायरीला त्याच्या फ्लॅटवर. सून वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू. चहा वेळेवर द्यायची, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात द्यायची. पण मी तिथं करायचं काय? गॅलरीत बसून समोरच्या गॅलरीत बसलेल्या दुसऱ्या म्हाताऱ्याकडं बघायचं. दाढी करायला निघालो की पोरगं पाकीट चाचपायचं, "बाबा, सुट्टे आहेत का तुमच्याकडं?" त्याच्या मनात काही नव्हतं हो. पण न मागता दिले तरी घेताना हात पुढं करावाच लागतो, आणि ज्याला बोट धरून शाळेत सोडलं त्याच्यापुढं हात करताना माझ्या अंगावर काटा यायचा. बायकोचं तर त्याहून वाईट. तिनं एकदा ओल्या नारळाच्या वड्या केल्या आणि ताटली घेऊन शेजारच्या दारी गेली. दार उघडलं तसं हिनं विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" ती बाई म्हणाली, "पुणे," आणि थँक्यू म्हणून दार लावून घेतलं. ही तशीच पॅसेजमध्ये उभी. त्या दिवसापासून ती त्या घरात हळू आवाजात बोलायला लागली.

संक्रांत झाल्यावर मी बोचकं बांधलं. पोरगं चिडलं, आणि चिडायला त्याला कारण होतं. म्हणालं, "बाबा, फ्लॅटचा हप्ता भरून मला दोन-दोन घरं चालवता येत नाहीत. तिकडं राहायचं तर तुमचं तुम्ही भागवा. दिवाळीपर्यंत थोडे पाठवतो आणि बघतो. जमलं तर खुशाल राहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. नाही जमलं तर दिवाळीला गाडी घेऊन येतो, तुम्हा दोघांना घेऊन जातो आणि घर देऊन टाकू." घराला गिऱ्हाईक तयारच होतं. कोथरूडचा एक माणूस आमच्या ओसरीपुढं उभा राहून सारखा "व्ह्यू, व्ह्यू" करायचा आणि आंब्याखाली पोहायचा हौद कुठं बसेल ते पावलांनी मोजायचा. मी पोराला म्हटलं, ठरलं. दिवाळीपर्यंत.

तेव्हा डोक्यात आलं की आपलं घर रस्त्याला लागून आहे. विंझरवरनं वेल्ह्याकडं जाणारा रस्ता. शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला जाणाऱ्या पोरापोरींची नुसती रीघ. आपल्या दारावरनं पैसा वाहत चाललाय आणि आपण ओसरीवर बसून माश्या मारतोय. त्यात बायकोच्या हाताला अशी चव की भावकीत लग्न असलं तर रश्शाचं भांडं आचाऱ्याच्या आधी हिच्या पुढ्यात येतं. पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला, "घरगुती जेवण मिळेल". बायकोला विचारलं, जमेल ना? ती म्हणाली, "न जमायला काय झालं. चार माणसं जेवून जात्याल, बरंच हाय की." मी खूश झालो. "जेवून जात्याल" एवढंच ती म्हणाली, पैसे देऊन जातील असं म्हणालीच नाही, हे माझ्या ध्यानात यायला नको होतं का?

पहिलीच गिऱ्हाइकं आली ती मोटरसायकलवरची चार पोरं. धुळीनं माखलेली, भुकेजलेली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि विचारलं, "गाव कुठलं रं बाळांनो?"

"पुणं, मावशी."

"पुणं न्हवं. मूळ गाव?"

एक जण म्हणाला, आजोळ किकवी आहे. झालं. किकवीत कुणाच्यात, घर देवळाच्या अलीकडं का पलीकडं, मामाला मुली किती, असं करत करत ती पिठलं ढवळता ढवळता थेट तिच्या थोरल्या बहिणीच्या नणंदेपर्यंत जाऊन पोचली. पोरांनी भाकरीवर भाकरी चढवली. मी मनातल्या मनात ताटं मोजत होतो. हात धुऊन पोरानं पाकीट काढलं, तशी ती बाहेर आली. "ठेव आत. मावशीला पैसं देतोस व्हय? आईला सांग, ईचारलंय म्हणून." पोरगं पाया पडलं आणि गेलं. मी हात पुढं करून उभा, आणि हातात काही नाही.

आता ही काही एकट्या माझ्या बायकोची खोड नाही, तेही सांगतो. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी, मग गाव विचारायचं, मग "कुणाच्यात?" आणि मग नातं सापडेपर्यंत सोडायचं नाही. सापडलं की तो पाव्हणा, आणि पाव्हण्याच्या ताटाचे पैसे घेणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. ही रीत ठीक होती, जेव्हा दारात महिन्याला एक माणूस यायचा. आता रविवारी पन्नास येतात. आणि नातं न सापडायला ही माणसं काय आभाळातनं पडलीत? अर्धं पुणं ह्या बारा मावळांतनंच तर गेलंय. कुणाची आजी मुळशीची, कुणाचा बाप भोरच्या आळीतला, कुणाचा चुलता विंझरला दिलेला घरजावई. शोधणारी खमकी असली की पुण्यातल्या कुठल्याही माणसाचं आमच्या घराशी नातं निघतं, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकलो.

त्यातला कळस म्हणजे तो मोटारवाला. नवरा-बायको आणि एक लेकरू. चांगली खात्यापित्या घरची माणसं, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं, आज तरी बोहनी होणार. बोलता बोलता निघालं की त्याची बायको मार्गासनीची. आणि मार्गासनी म्हणजे माझ्या बायकोचं माहेर. तिचा चेहराच पालटला. मला आत बोलावलं आणि म्हणाली, "अवो, विंझरला जाऊन टावेल-टोपी आणा. आणि खण-नारळ."

"कशाला?"

"जावई हाय त्यो आमच्या गावचा. पहिल्यांदा घरी आलाय. तसाच धाडू व्हय?"

मी म्हटलं, अगं तो गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, "गिऱ्हाईक आसंल तुमचा. जावई माझा हाय." आणि मी गेलो हो. उन्हात सायकल मारत गेलो. जेवलेल्या गिऱ्हाइकाला आहेर करायला स्वतःच्या खिशातनं टोपी आणायला गेलेला हॉटेलवाला बाराही मावळांत मी एकटाच असेन. त्या माणसानं टोपी घालून फोटो काढला. मोबाईलवर आमच्या घराबद्दल चांगलं लांबलचक लिहिलं, "अगदी घरच्यासारखं वाटलं" म्हणून. वाटणार नाही तर काय, फुकट जेवल्यावर कुणालाही घरच्यासारखंच वाटतं. ते वाचून पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली.

मग मी माझ्यातला कंडक्टर बाहेर काढला. ओसरीच्या तोंडाशी टेबल टाकून बसलो. आधी पैसे, मग पाट. एक सांगतो, पैसे द्यायला एकानंही कुरकुर केली नाही. उलट म्हणायचे, काका, एवढंच? गिऱ्हाईक कुठलंच वाईट नव्हतं, वाईट नशीब माझं घरातलं होतं. त्या दिवशी गल्ल्यात पहिल्यांदा नोटा जमल्या. मी निवांत तंबाखू मळत बसलो. तेवढ्यात बघतो तर बायको सूप भरून तांदूळ घेऊन बाहेर आलेली. जेवायला आलेल्यांत तीन-चार लग्न झालेल्या पोरी होत्या. सवाष्ण घरातनं रिकाम्या हातानं जाऊ द्यायची नाही म्हणून ही त्यांच्या ओट्या भरत होती. वर्षाच्या बेगमीचा इंद्रायणी, त्याला काय भाव आहे बाजारात. पोरींच्या अंगात शर्ट-पँट. पदर नाही तर ओटी घ्यायची कशात? एकीनं हेल्मेट पुढं केलं. माझ्या बायकोनं हेल्मेटला हळदी-कुंकवाचं बोट लावलं आणि त्यात ओंजळीनं तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. सकाळपासून मी जे टेबलावर जमवलं ते दुपारी हेल्मेटमधनं निघून गेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी आमचं कडाकडा भांडण झालं. मी म्हटलं, जग हॉटेलं चालवतं, त्यांची काय नाकं कापली गेली? ती म्हणाली, "ती हाटेलं हायेत. हे घर हाय. घरातल्या चुलीवरचं खाऊ घालून पैसं मोजून घ्यायचं, म्हंजी चुलीला काय वाटंल?"

मी म्हटलं, "चुलीला काय वाटेल ते चुलीला बघू दे. दिवाळीला पोरगं गाडी घेऊन येतंय. मग ह्या चुलीवर कोथरूडचा माणूस मांस भाजंल आणि तू धायरीला गॅलरीत बसशील. चालंल?"

ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं पालथ्या घड्यावर पाणी. हिला काही कळतच नाही, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

दोन दिवसांनी तिनंच तोड काढली. ज्याच्याशी काहीच नातं निघणार नाही, त्याचे पैसे तुम्ही घ्या, मी मध्ये पडणार नाही. मी म्हटलं, ठीक. आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार हे मला कळायला हवं होतं, पण आशा वाईट. एक पोरगा आला नागपूरचा. मी हात चोळत बसलो, नागपूर म्हणजे बिनधोक. तर हिच्या लहानपणी मार्गासनीच्या शाळेवर जे मास्तर होते ते नागपूरकडचे. "गुरुजींच्या मुलखातला हाय," म्हणाली, आणि पोराला वर ताकाचा तांब्या भरून दिला. मग आला एक केरळचा. मराठी येत नाही, हिंदी मोडकी. आता ह्याच्याशी कसलं नातं काढतेस बघू, म्हणून मी मुद्दाम दारात उभा राहिलो. तिनं नातं काढलंच नाही. म्हणाली, "एवढ्या लांबनं आलंय लेकरू, हितं कुणी न्हाई त्याचं. त्याचं घेताय व्हय पैसं?" मी कपाळावर हात मारून घेतला. ज्याचं नातं आहे तो पाव्हणा, ज्याचं नाही तो बिचारा. मग पैसे द्यायला उरलं कोण?

मध्ये एकदा ती भावाकडं मार्गासनीला गेली तेव्हा मी संधी साधली. पिठलं मीच केलं. गिऱ्हाइकांनी पैसे दिले, मी घेतले, आणि ती माणसं परत कधी आली नाहीत. ते पिठलं मी स्वतः रात्री खाल्लं तेव्हा मला त्यांचा राग आला नाही.

श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. मी जे टेबलावर घ्यायचो त्यातलं निम्मं ती ओटीत, ताकात आणि "राहू द्या हो"मध्ये घालवायची. उरलेल्यात किराण्याचं भागायचं, पण औषधं आणि वीजबिल पोराच्याच पैशावर. पोराचा फोन आला की विचारायचा, "काय म्हणतोय धंदा?" मी म्हणायचो, "चाललाय." तो म्हणायचा, "नक्की?" मी म्हणायचो, "रेंज जाते रे इथं." कोथरूडचा माणूस येऊन पुन्हा एकदा आंब्याखाली पावलं मोजून गेला. मला झोप लागेना. ह्या वयात घर सोडायचं, तेही ह्या बाईच्या माणुसकीपायी, ह्याचा संताप संताप व्हायचा. आणि संताप करून तरी सांगणार कुणाला? पारावर सांगितलं तर म्हणाले, तरी आम्ही म्हणत होतो, शेळ्या पाळा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पोरगं आलं. आदल्या दिवशी फोन, "बाबा, ऑफिसचे मित्र घेऊन येतोय. राजगड करतो आणि जेवायला घरी. पाच ताटं." सूनबाई नव्हती, ती माहेरी गेली होती. मी समजलो, हा तपासणीला येतोय. पूर्वी आमच्या गाडीत वाटेत तपासनीस चढायचे, तेव्हा मला कधी भीती वाटली नाही, कारण माझं सगळं चोख असायचं. ह्या खेपेला माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं.

बायको अंधारात उठली. कोंबडी केली, भाकऱ्या केल्या आणि पोराला आवडतात म्हणून हुलग्याच्या शेंगोळ्या वळल्या. गुडघा धरून बसत उठत एक-एक वळत होती. मी म्हटलं, एवढं कशाला? ती म्हणाली, "गप बसा." पोरं गड उतरून आली, ओसरीवर पंगत बसली. मित्र चांगले होते, खाताना मान वर करत नव्हते. ती वाढत राहिली. एकाही पोराला तिनं गाव विचारलं नाही. मला ते जाणवलं, पण वाटलं, पोरगं आलंय म्हणून गडबडीत विसरली असेल.

जेवणं झाली. एक मित्र म्हणाला, "काका, किती झाले?" पोराच्या मित्रांचे पैसे घ्यायचे म्हणजे मलाही जरा जड गेलं असतं, खरं सांगतो. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, झालं, आता म्हणणार, पोराच्या दोस्तांकडनं पैसे घेताय व्हय.

तेवढ्यात पोरगं उठलं. "थांबा रे, हा व्यवहार माझा." त्यानं खिशातनं नोटांची घडी काढली आणि आईपुढं धरली. "आई, पाच ताटं. माझं पण धर. धंद्यात नातं आणू नको."

ती घडी पाच ताटांची नव्हती. आंधळ्यालाही कळलं असतं. त्यात आम्हा दोघांचे दोन महिने निघाले असते. मी पोराच्या तोंडाकडं बघितलं, तर ते माझ्याकडं बघत नव्हतं, बुटाची नाडी बांधत होतं. बांधता बांधता म्हणालं, "चाललाय की बाबा तुमचा धंदा चांगला. मग कशाला येताय पुण्याला? दर महिन्याला आणीन कुणाकुणाला जेवायला."

मला सगळं समजलं. दर महिन्याला जे पाठवायचा ते आता गिऱ्हाईक म्हणून देणार होता, म्हणजे बापाला हात पसरल्यासारखं वाटायला नको. कुठनं शिकला हे शहाणपण, कुणास ठाऊक. मायेनं केलं म्हणावं, तर मायेनंच केलं होतं. आमचं ओझं जरा सोयीनं लांब राहतंय, असंही त्यात असेल. नसेलही. मी काही त्याच्या मनात शिरून आलो नाही. मला एवढंच वाटत होतं की आता ही त्याचा हात झिडकारणार. जिनं किकवीच्या परक्या पोराला पाकीट आत ठेवायला लावलं, ती पोटच्या पोराचं काय घेणार?

तिनं हात पुढं केला आणि पैसे घेतले. "राहू दे रं" एवढंही म्हणाली नाही. नोटा कमरेला खोचल्या आणि म्हणाली, "सावकाश गाडी चालव."

गाडी वळणाआड गेली तसा मी भडकलो. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "सगळ्या दुनियेला फुकट घातलंस. परक्या जावयाला टोप्या घातल्यास. माझ्या हातातलं काढून लोकांच्या हेल्मेटात ओतलंस. आणि घेतलेस तर कुणाचे घेतलेस? स्वतःच्या पोराचे? लाज नाही वाटली?"

ती मागच्या दारी भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"वाटली की," ती म्हणाली. "लई वाटली."

"मग?"

"न्हाई घेतलं आसतं तर दिवाळीला गाडी दारात आली आसती. तुमी त्या गॅलरीत बसायचा, तवा तुमचं त्वांड म्या बघितलंय. मला तरी कुठं करमत हुतं तिथं? सकाळपासनं मनाला सांगत हुते, ह्या पोरांचं गाव ईचारायचं न्हाई. आज गिऱ्हाईक म्हणूनच वाढायचं. त्यानं दिलं तर घ्यायचं." तिनं कढई पालथी घातली. "माझं प्वार माझ्या हातच्या शेंगोळ्या खाऊन पैसं मोजून गेलं. झालं न्हवं तुमच्या मनासारखं? आता ऱ्हावा हितं."

सहा-सात महिने मी समजत होतो की हिला घराची फिकीर नाही. फिकीर तिलाच जास्त होती, फक्त त्यासाठी काय द्यावं लागेल हे मला माहीत नव्हतं आणि तिला माहीत होतं. ती त्या दिवशी जेवली नाही. शेंगोळ्या उरल्या होत्या, त्या तिनं शेजारच्यांच्या म्हशीच्या घमेल्यात ओतल्या. मी म्हटलं, मी खातो की. तिनं ऐकलं नाही.

दिवाळीला पोरगं आम्हाला न्यायला आलं नाही. सणालाही आलं नाही. फोनवर म्हणालं, "सुट्टीत तुमच्याकडं गिऱ्हाइकांची गर्दी असेल ना बाबा, आम्ही मध्ये कशाला?"